गाठ धरून एकवीस

सावंतांचा फोन आला तेव्हा तृप्ती मेस्त्री एका नवरीच्या मुंडावळ्या सरळ करत होती. फोटोतल्या नव्हे, कपाळावरच्या. एवढं एक काम अजून हाताने करावं लागतं, बाकी सगळं कॅमेरा बघतो, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

“मेस्त्री मॅडम, तुमचा गेल्या वर्षीचा फोटो कोर्टात चालेल ना?” सावंत म्हणाले. कुंभवणच्या सातेरी देवस्थानाचे ते अध्यक्ष, निवृत्त बँक मॅनेजर. नमस्कार-चमत्कारात वेळ घालवणं त्यांना जमत नसे.

“चालेल की. फोटो खरा असल्याची सरकारमान्य मोहोर आहे त्यावर. का हो?”

“देवीच्या बोरमाळेतला एक मणी गेलाय. तुमच्या फोटोत एकवीस आहेत, हातात वीस. वर्षभर माळ गोविंद गुरवाच्या ताब्यात होती. रविवारी गावाची बैठक आहे, सोमवारी पोलिसांत देणार. तुम्ही फक्त येऊन सांगा, की फोटो तुमचा आणि खरा.”

तृप्तीने “येते” म्हटलं आणि फोन ठेवला. नवरी आरशात बघत बसली होती, आणि तृप्ती हातातली टाचणी कुठे लावायची होती तेच विसरून उभी होती. गोविंदकाका आणि चोरी? कुंभवण हे तिचं आजोळ. लहानपणी देवळात गेली की गोविंदकाका तिच्या ओंजळीत खोबऱ्याचा तुकडा जरा मोठाच ठेवायचे. पण फोटो तर तिने स्वतः काढला होता, आणि एकवीस मणी तिने स्वतः पाहिले होते. निदान त्या वेळी तिला तसं वाटत होतं.

कुंभवणची रीत अशी. गुरवांची घरं दोन, वरचं आणि खालचं. एक वर्ष पूजा वरच्या घराकडे, एक वर्ष खालच्या. देवदिवाळीला पाळी बदलते आणि देवीचे दागिने एका घराकडून दुसऱ्याकडे जातात. गाभाऱ्यात वीज नाही, घ्यायचीही नाही. दोन समया, बस. त्या उजेडात देणारा आणि घेणारा गुरव एका उपरण्याखाली हात घालून दागिना बोटांनी चाचपतात आणि मोठ्याने मोजतात. बाहेर सभामंडपात गाव ऐकतो. शेवटी “एकवीस” असा आवाज आला की गाव म्हणतो, “होय महाराजा.” या सगळ्याला हातमोजणी म्हणत. सावंत अध्यक्ष झाले आणि त्यांना हा प्रकार भलताच अडाणी वाटला. २०३९ साल उजाडलंय आणि आपण अजून उपरण्याखाली चाचपतोय, असं ते म्हणाले. गेल्या देवदिवाळीला त्यांनी हातमोजणी बंद केली आणि तृप्तीला बोलावलं.

तृप्तीचा कॅमेरा निवळीचा होता. निवळी म्हणजे खरं तर एका झाडाची बी. गढूळ पाण्याच्या हंड्यात आतून उगाळली की गाळ तळाला बसतो आणि पाणी नितळ होतं. कॅमेऱ्यातल्या नव्या चिपला कुणा रसिक इंजिनिअरने तेच नाव दिलं. अंधारात फोटो काढायचा तर आयएसओ, म्हणजे चित्र किती उजळवायचं तो आकडा, चढवावा लागतो, आणि आयएसओ चढवला की फोटोभर रंगीबेरंगी रवाळ दाणे उठतात, हे आधीच्या पिढ्यांचं जुनं दुखणं. निवळीने ते मुळापासून घालवलं. तिने म्हणे कोट्यवधी फोटो बघितले होते. दाण्यांच्या आड काय असणार हे ती ओळखायची, दाणे पुसायची आणि तिथे ते नेमकं ठेवायची. मूळचं दाणेदार चित्र पाऊण सेकंदात नाहीसं व्हायचं आणि उरलेल्या नितळ चित्रावर मोहोर उमटायची. ट्रायपॉड नको, दिवा नको, वाट बघणं नको.

त्या फोटोवर सावंत इतके खूश झाले होते की त्यांनी चार ठिकाणी शिफारस केली. त्यातून तृप्तीला जिल्ह्यातल्या बेचाळीस देवस्थानांचे दागिने टिपायचं काम मिळालं. पुढच्या महिन्यात सुरुवात होती.

दुसऱ्या दिवशी ती कुंभवणला गेली ती आधी गोविंदकाकांच्या घरी. म्हातारा पडवीत नुसता बसून होता. पाळीचं वर्ष सरलं की गुरवाला विसावा असतो, पण हा विसावा नव्हता. आतून काकीने पाणी आणलं आणि तृप्तीकडे न बघता ठेवून गेली.

“काका, खरा काय ता माका सांगा,” तृप्ती म्हणाली.

“खराच सांगतंय. थय मणी कधीच नव्हतो. बापाशीन माळ माझ्या हातात दिली तेव्हापासून थय गाठ असा. रेशमाची, बोराएवढी. समईचा तेल लागान लागान पिवळी-काळी झालेली.”

“पण काका, तुम्हीच सगळ्यांसमोर एकवीस मोजत होतास.”

“गाठ धरून एकवीस, गो. मोजताना गाठीवर बोट ठेवचा आणि एकवीस म्हणाचा, असा बापाशीन शिकवल्यान. तातूक ठावक होता.” खालच्या घरचा तातू गुरव गेल्या शिमग्यात गेला होता. त्याचा मुलगा बाबल मुंबईची नोकरी सोडून परवा-परवा आला. त्याने माळ अजून हातातही घेतली नव्हती. यंदा पाळी बदलण्याआधी सावंतांनी दागिने उजळायला सोनाराकडे पाठवले आणि भर दुपारी पेढीवर ती गाठ पहिल्यांदा उजेडात आली. गाठ ज्यांच्या बोटांना माहीत होती अशी दोनच माणसं, आणि त्यातलं एक आता नव्हतं.

“सावंतांका सांगितलास?”

“सांगितलंय. ते म्हणतत, फोटोत मणी असा. आता फोटोपुढे मी काय बोलू?” काकांनी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. “पोलिसांचा एक वेळ जावदे. पण घराची पाळी जातली गो. माझ्या नातवान देवीक हात लावचो नाय, असा होतला.”

तृप्तीच्या डोळ्यांपुढे गेल्या देवदिवाळीची ती दहा मिनिटं आली. आरतीची गर्दी, सावंतांची घाई, ट्रायपॉड गाडीतच राहिलेला. “असू दे, निवळी आहे,” म्हणत तिने उंबऱ्यावरूनच हातात धरून फोटो काढला. आयएसओ एक्कावन्न हजार दोनशे. पडद्यावर चित्र लख्ख आलं आणि तिने मणी मोजले ते त्या पडद्यावर. माळेकडे तिने पाहिलंच नव्हतं.

*

कुडाळला स्टुडिओच्या मागेच घर. ओटीवर तिचे वडील, रमाकांत मेस्त्री, रेडिओ कानाशी धरून बसले होते. वय ब्याऐंशी. डोळ्यांच्या मधोमध दिसेनासं झालं होतं, कडेकडेचं थोडंफार दिसायचं. एके काळी तालुक्यात त्यांच्याइतका हळू फोटो काढणारा माणूस नव्हता. चार वर्षांपूर्वी तृप्तीने त्यांची डार्करूम बंद करून तिथे अल्बमची खोकी भरली, तेव्हा दोघांत मोठं वाजलं होतं. रागाच्या भरात ती बोलून गेली होती, की बाबा, तुम्ही जन्मभर जी काळजी घेतलीत ती आता लागत नाही. त्यानंतर बाप-लेकीत जेवणखाण, औषधपाणी सगळं बोलणं व्हायचं. फोटोंविषयी मात्र एक शब्द नाही.

आज तिने सगळं सांगितलं. बाबांनी रेडिओ बंद केला.

“आयएसओ किती ठेवलंस?”

तिने आकडा सांगितला. त्यांनी असं तोंड केलं की जणू कुणी चहात मीठ घातलं.

“बाबा, आयएसओ वाढवल्याशिवाय उजेड कसो मिळतलो?”

“आयएसओ वाढवल्यान उजेड वाढता, असा कोणी सांगितल्यान तुका? उजेड होतो तेवढोच रवता. रेडिओचो आवाज वाढवलो म्हणान स्टेशन जवळ येता? खरखर पण तेवढीच मोठी होता.” मग जरा थांबून, लहानपणी शिकवायचे त्या सुरात ते म्हणाले, “अंगणात धा वाट्यो मांड. जोराचो पाऊस इलो तर सगळ्यांत सारख्याच पाणी. पण चार थेंब पडले तर? एकीत तीन, एकीत एक, एकीत काय नाय. वाट्यो सारख्योच, पण पाणी नाय सारख्या.”

तृप्तीला हे पुस्तकातून शिकवलेलं होतं, पण वाट्यांनी नाही. प्रकाश कणाकणाने येतो. सेन्सरवरचे लक्षावधी बारके चौकोन म्हणजे त्या वाट्या. उजेड भरपूर असला तर शेजारशेजारच्या चौकोनांत जवळपास सारखे कण पडतात. समईच्या उजेडात, आणि तेही सेकंदाच्या सतराव्या हिश्शात, एकात सात पडतात, शेजारी दोन. आयएसओ म्हणजे त्या सात आणि दोनला सारख्याच मोठ्या आकड्याने गुणणं. फरकही तेवढाच गुणला जातो आणि तोच दाणा होऊन दिसतो. उपाय दोनच. एक तर वाट्या जास्त वेळ उघड्या ठेवायच्या, म्हणजे कॅमेरा घट्ट बसवून सावकाश फोटो घ्यायचा. नाही तर एकाच जागेवरून पुष्कळ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढायची. दाणा दर वेळी जागा बदलतो, वस्तू बदलत नाही, म्हणून सोळा फोटोंत दाणे चौथाईवर येतात.

“आणि निवळी यातला काय करता?” बाबांनी विचारलं.

तृप्तीला आता कळलं. निवळी यातलं काहीच करत नव्हती. वाट्यांत किती पाणी असायला हवं होतं, याचा ती अंदाज करत होती.

“डार्करूम उघड,” बाबा म्हणाले. “आणि तुझ्या आवशीची ती खोटी बोरमाळ हाड.”

भर दुपारी दोघांनी खोकी बाहेर काढली. बाबांनी आईच्या माळेतला एक मणी चिमट्याने काढला आणि त्या जागी पिवळ्या रेशमाची गाठ मारली, न बघता, नुसत्या बोटांनी. उभा जन्म अंधारात रीळ भरण्यात गेलेला, त्यांना बघायची गरजच नव्हती. दार लावून समई पेटवली. तृप्तीने आयएसओ आठशे ठेवून, कॅमेरा टेबलावर टेकवून फोटो काढला. पडद्यावर गाठ दिसली, रेशमाच्या दोऱ्यांसकट. सहा हजार चारशेला गाठ जरा गुळगुळीत झाली. मग तिने कॅमेरा हातात धरला आणि आकडा एक्कावन्न हजार दोनशेवर नेला.

गाठीच्या जागी मणी होता. सोन्याचा, गोल, वर समईच्या ज्योतीची बारीक चमक असलेला मणी.

तिने पुन्हा काढला. पुन्हा मणी. दहा फोटो काढले, त्यांतल्या नऊ फोटोंत मणी होता आणि प्रत्येकावर मोहोर होती. कोट्यवधी फोटो बघितलेल्या निवळीला दोन मण्यांच्या मध्ये पिवळसर गोल ठिपका दिसला की तो मणीच. कण पुरेसे असले की ती उजेडाचं ऐकायची, कमी पडले की आपल्या आठवणीचं. पण या दोहोंतला फरक ती कधी सांगत नव्हती.

“काय दिसता?” बाबांनी अंधारातून विचारलं.

“मणी दिसता, बाबा.” तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. “मी एका म्हाताऱ्या माणसाक चोर केलंय.”

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच. “अजून सोमवार उजाडूक नाय,” ते म्हणाले. “पण ह्या पुरेसा नाय. कॅमेरो फसता ह्या दिसला. मणी तेव्हा नव्हतो, ह्या खय दिसला? वरच्या फळीवर पत्र्याचो हिरवो डबो असा बघ. शहाऐंशी साल. देवस्थानाच्या पत्रिकेसाठी मी सातेरीचो फोटो काढलेलंय.”

डबा सापडायला तास गेला. हिरवा रंग कधीच उडाला होता आणि डब्यावर तृप्तीनेच ठेवलेलं एक खोकं होतं. आत पिवळ्या पाकिटांची चळत. एकावर बाबांचं टपोरं अक्षर: कुंभवण, सातेरी, समया दोन, चार मिनिटे. तृप्तीने निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरलं आणि भिंग लावलं. काळ्या-पांढऱ्याची उलटापालट झालेली देवी, उलटे मणी, एकेक टिपून घ्यावा इतका स्वच्छ. एक, दोन, तीन. ती मोजत गेली. विसाव्यानंतर तिने भिंग हलवलं नाही. तिथे गाठ होती, आणि गाठीतून निघालेलं रेशमाचं एक टोकही दिसत होतं.

तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच खोक्यांच्या मध्ये फतकल मारून बसली आणि रडली, आणि बाबा शेजारी रेडिओची दांडी वर-खाली करत बसले.

*

रविवारी सकाळी सभामंडपात गाव जमला होता. गोविंदकाका खांबाला टेकून एकटेच बसले होते. त्यांच्या आजूबाजूची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. तृप्तीने बाबांना हाताला धरून आणलं आणि नेमकं तिथेच बसवलं.

सावंतांनी फोटो मोठा करून भिंतीवर दाखवला. “हा फोटो तुमचा?”

“माझा,” तृप्ती म्हणाली. “आणि तो खोटा आहे.”

मंडपात कुजबूज झाली. सावंतांनी चष्मा काढला. “मॅडम, मोहोर आहे त्यावर. तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? बेचाळीस देवस्थानांचं काम आहे तुमच्याकडे.”

“कळतंय. माळ आत्ता तुमच्याकडे आहे ना? सगळ्यांसमोर मोजा.”

उन्हात माळ मोजली गेली. वीस मणी आणि एक गाठ. दहा जणांनी पाहिलं. मग बाबलने ती देवीच्या गळ्यात घातली आणि समया लावल्या. तृप्तीने उंबऱ्यावर उभं राहून, तोच कॅमेरा, तोच आकडा ठेवून, हातात धरून फोटो काढला आणि कॅमेरा सरळ सावंतांच्या हातात दिला.

सावंत मोजू लागले. बँकेत नोटा मोजायची सवय असलेला माणूस, ओठ न हलवता मोजायचा. शेवटाला पोचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी कॅमेरा शेजारच्याकडे दिला.

“एकवीस,” ते म्हणाले. मोहोर कोपऱ्यात चमकत होती.

कॅमेरा हातोहात मंडपभर फिरला. तृप्तीने मग सगळं सांगितलं, बाबांच्या वाट्यांसकट, आणि निगेटिव्हची मोठी प्रत सावंतांपुढे ठेवली. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. त्रेपन्न वर्षांपूर्वीची माळ, त्रेपन्न वर्षांपूर्वीची गाठ. त्या वेळी गोविंदकाका जेमतेम विशीत होते, पूजा त्यांच्या वडिलांकडे होती.

“यात तुमची चूक नाही,” तृप्ती म्हणाली. “ट्रायपॉड मी गाडीत ठेवला होता. मणी मी पडद्यावर मोजले. परवाना देणाऱ्यांना मी कालच कळवलंय, सगळे फोटो जोडून. त्यांनी उद्यापासून तपास होईपर्यंत माझी मोहोर थांबवली आहे. बेचाळीस देवस्थानांचं कामही थांबलं.” हे बोलताना तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तीन दिवसांनी पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता येत होता.

सावंत उठले. करारी माणूस, चूक झाली असं म्हणायची सवय नसलेला. ते खांबापाशी गेले आणि गोविंदकाकांसमोर खाली बसले.

“गोविंदराव, तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

गोविंदकाकांनी सावंतांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मागे बायकांत बसलेली काकी पदराने तोंड पुसत होती आणि तृप्तीकडे बघून हसत होती.

“पाळी बदलायची राहिली आहे,” थोड्या वेळाने सावंत म्हणाले. “रीतीप्रमाणे होऊ दे.”

गाभाऱ्यात काका आणि बाबल समोरासमोर बसले. देवीच्या गळ्यातली माळ उतरवून वर उपरणं पसरलं. बाबलचे हात त्याखाली नवखेपणाने माळ शोधत होते. काकांनी त्याची बोटं धरून पहिल्या मण्यावर ठेवली. “एक,” काका म्हणाले. “एक,” बाबल म्हणाला. बाहेर गाव ऐकत होता. विसाव्याला काका थांबले.

“आता ह्या बघ. मऊ लागता? ही गाठ. हिका इसरा नको. आणि ह्या पुढे मोठ्यान म्हणाचा, सगळ्यांक आयकाक जावक व्हया.” त्यांनी घसा साफ केला. “गाठ धरून एकवीस.”

“गाठ धरून एकवीस,” बाबल म्हणाला.

“होय महाराजा,” गाव म्हणाला, आणि त्यात सावंतांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

माळ पुन्हा देवीच्या गळ्यात गेली तशी, “आता फोटो काढ गो,” बाबांनी हाक मारली.

तृप्तीने कॅमेरा घेतला, मोहोर आणि निवळी दोन्ही बंद केल्या आणि उंबऱ्याबाहेर ट्रायपॉड मांडला. हा ट्रायपॉड बाबांचा, एका पायाला तारेने बांधलेला. आयएसओ शंभर. तीस सेकंद. “कोणी हलू नका,” ती म्हणाली, आणि का कोण जाणे, अख्ख्या मंडपाने श्वासच धरला. समया स्थिर जळत होत्या. देवी तर हलणारच नव्हती. गोविंदकाका हात जोडून उभे होते. तीस सेकंद किती लांब असतात हे तृप्ती विसरूनच गेली होती.

शटर मिटल्याचा खटका वाजला आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

“कसो इलो?” बाबांनी विचारलं.

तिने चित्र मोठं करून पाहिलं. मणी वीस. गाठ, तिची वीण, तेलाचा डाग. आणि देवीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथे समई पोचत नव्हती, तिथे थोडी रवाळ भुरभुर.

“बरो इलो. मागे कोपऱ्यात थोडे दाणे दिसतत.”

“दिसूक व्हयेतच,” बाबा म्हणाले. “थय उजेड नव्हतो ना.”